अंगावर पिणारे बाळ बाटली घेत नाही: पुन्हा नवे निपल आणण्यापूर्वी काय तपासावे

आईची बाळंतपणाची रजा संपत आली की सोलापुरातल्या अनेक घरांत एकच तक्रार सुरू होते. बाळ आईजवळ व्यवस्थित पिते, पण तेच दूध बाटलीतून दिले की तोंड फिरवते, निपल जिभेने बाहेर ढकलते, किंवा दोन घोट घेऊन ठसकते आणि रडू लागते. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दुसरे निपल येते, ते चालले नाही म्हणून तिसरे येते, आणि पुण्याहून येणाऱ्या आत्याला एखादी महागडी बाटली आणायला सांगितले जाते. मधेच एखाद्या दिवशी बाळ बाटली घेते, घरातले सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच सुरू होते.

ही तक्रार वारंवार परत येण्याचे कारण बहुतेक वेळा असे असते की निपल, दूध, पाजणारी व्यक्ती आणि पाजण्याची वेळ या चारही गोष्टी एकदम बदलल्या जातात, आणि त्यामुळे बाळाने नकार नेमका कशाला दिला हे कोणालाच कळत नाही. म्हणून पहिला नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्या बदलाला निदान तीन-चार दिवस द्यावेत. दुसरी गोष्ट अशी की निपलच्या सगळ्या गुणांमध्ये दुधाची धार किती मंद आहे याला सर्वांत जास्त महत्त्व आहे, त्यानंतर आकाराला, आणि ब्रँडला जवळजवळ नाहीच.

बाटलीची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न आधी विचारून घ्यावा. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ काढलेले दूध शक्यतो वाटी-चमच्याने पाजायला सांगतात, कारण बाटली आणि निपल पूर्ण स्वच्छ ठेवणे अवघड असते. मात्र आठ-नऊ तास घराबाहेर राहणाऱ्या आईच्या बाळाला सांभाळणारी आजी वयस्कर असेल, तिचे हात थरथरत असतील, किंवा बाळ वाटीतले निम्मे दूध सांडत असेल, तर बाटली हाच व्यवहार्य मार्ग ठरू शकतो आणि त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही. पुढचे सगळे विवेचन अशा घरांसाठी आहे.

बाळ आईजवळ कसे पिते

निपल कसे हवे हे ठरवण्यासाठी बाळ अंगावर पिताना काय करते हे एकदा नीट पाहावे. ते तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडते, फक्त स्तनाग्र नव्हे तर त्याभोवतीचा काळसर भागही बराचसा तोंडात घेते, दोन्ही ओठ बाहेरच्या बाजूला वळलेले असतात आणि जीभ खालच्या हिरडीच्या पुढे आलेली असते. तोंडात स्तनाग्र ताणले जाऊन मूळ लांबीच्या सुमारे दुप्पट होते आणि त्याचे टोक टाळूच्या बऱ्याच मागच्या भागापर्यंत पोहोचते. जीभ मधोमध खोलगट होऊन त्याला खालून धरते, आणि जीभ खाली जाताना तोंडात जी पोकळी तयार होते तिच्यामुळे दूध ओढले जाते.

याहून महत्त्वाची बाब वेळेची आहे. बाळ चोखायला लागले की लगेच दूध येत नाही. आधी ते सेकंदाला दोनेक वेळा, भराभर आणि उथळ चोखते, तेवढ्या वेळात आईला पान्हा फुटतो, आणि मग चोखण्याची गती मंदावून साधारण सेकंदाला एक खोल घोट अशी लय लागते. थोड्या वेळाने धार ओसरते, बाळ थांबते, श्वास घेते, पुन्हा भराभर चोखते. म्हणजे काम, घोट आणि विश्रांती असा हा क्रम असतो आणि त्याचा ताबा बाळाकडे असतो.

बाटली उलटी धरली की हा क्रमच मोडतो. दूध पहिल्या क्षणापासून येते, आणि बाळ थांबले तरी निपलच्या भोकातून ते गळत राहते, त्यामुळे बाळाला गिळण्यावाचून पर्याय राहत नाही. काही बाळे या धारेला घाबरून बाटली नाकारतात. काही बाळांना उलट ती आयती धार इतकी आवडते की नंतर ती आईजवळ पान्हा फुटेपर्यंत थांबायला तयार होत नाहीत. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते, ते म्हणजे निपलची धार गरजेपेक्षा जास्त असणे.

आकार: खोक्यावरचे चित्र नव्हे, बाळाचे ओठ पाहावेत

दुकानात निपल निवडताना ‘आईच्या स्तनासारखे’ दिसणारे रुंद, गोलसर निपल सर्वांत योग्य असेल असे वाटणे साहजिक आहे. परंतु अशा अनेक निपलांमध्ये रुंद आणि जवळजवळ सपाट बुडावर एक छोटेसे टोक अचानक वर आलेले असते. बाळ ते रुंद बूड तोंडात घेऊच शकत नाही. त्याचे ओठ त्या छोट्या टोकाभोवतीच मिटतात आणि ते नुसते टोक चोखत राहते. हीच सवय घेऊन ते आईजवळ आले की स्तनाग्राचे टोकच चावू लागते, आणि काही दिवसांत आईला भेगा पडतात.

त्यापेक्षा टोकापासून बुडापर्यंत हळूहळू रुंद होत जाणारे, मधे कोठेही पायरी नसलेले निपल अधिक उपयोगी पडते, कारण त्या उतारावर बाळ तोंड जास्त उघडून ओठ पुढे सरकवू शकते. टोक गोल असावे. दातांच्या वाढीसाठी चांगले म्हणून विकले जाणारे, एका बाजूने चपटे असलेले निपल जिभेला खोलगट होऊ देत नाही, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळासाठी मी ते पहिल्या निवडीत धरणार नाही. एखादे बाळ त्यावरही सुखाने पिते, आणि तसे असेल तर ते बदलण्याचे कारण नाही.

निपल योग्य आहे की नाही याची परीक्षा खोक्यावर होत नाही, बाळाच्या तोंडाशी होते. पाजताना बाजूने पाहावे. ओठ निपलच्या रुंद भागावर बाहेर वळून टेकलेले असावेत, गालांना खळ्या पडू नयेत, ‘टक् टक्’ असा जीभ सुटल्याचा आवाज येऊ नये आणि तोंडाच्या कोपऱ्यांतून दूध गळू नये. गालांना खळ्या पडत असतील किंवा टकटक आवाज येत असेल तर बाळाची पकड सुटते आहे, आणि तेथे आधी थोडे अरुंद बूड असलेले निपल वापरून पाहावे. छोट्या तोंडाच्या बाळाला फार रुंद निपल दिल्याने असे पुष्कळदा होते.

मटेरिअलचा प्रश्न फार मोठा नाही. पारदर्शक दिसणारे सिलिकॉनचे निपल उकळण्याला टिकते आणि त्याला वास राहत नाही. पिवळसर रबराचे, म्हणजे लेटेक्सचे निपल अधिक मऊ असते आणि काही हट्टी बाळे तेच पत्करतात, पण ते उष्णतेने आणि उन्हाने लवकर चिकट व सैल होते, आणि सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत खिडकीत वाळत ठेवलेले असे निपल फार काळ टिकेल अशी अपेक्षा करू नये. क्वचित एखाद्या बाळाला रबराची अॅलर्जीही असते.

धार: आकड्यांवर विसंबू नये

खोक्यावर ‘स्लो’, ‘मीडियम’, ‘०’, ‘१’, ‘२’ किंवा ‘० ते ३ महिने’ असे लिहिलेले असते. हे आकडे एकाच कंपनीच्या निपलांमध्ये तुलना करण्यापुरते खरे असतात. दोन वेगळ्या कंपन्यांच्या ‘स्लो’ निपलांच्या धारेत मोठा फरक असू शकतो, कारण ‘स्लो’ म्हणजे मिनिटाला किती दूध, याबाबत सर्वांना बांधणारे एकच माप नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे आधीपासून एक नंबरच आहे’ हे उत्तर पुरेसे नसते. आपल्या हातातल्या निपलची धार आपणच पाहावी लागते.

बाटलीत थोडे दूध किंवा उकळून गार केलेले पाणी घालून ती उलटी धरावी आणि हलवू नये. सुरुवातीचे काही थेंब भराभर पडले तरी त्यानंतर साधारण सेकंदाला एक थेंब पडावा. अखंड धार लागत असेल तर ते निपल अंगावर पिणाऱ्या लहान बाळासाठी नाही, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. याउलट एकही थेंब पडत नसेल तर भोक बुजलेले आहे, किंवा ते फुलीच्या आकाराचे असून बाळाने दाबल्यावरच उघडणारे आहे. फुलीच्या भोकाचा अंदाज उलटे धरून येत नाही, तेथे बाळाच्या चेहऱ्यावरूनच ठरवावे लागते.

चेहरा बरेच सांगतो. धार जास्त असेल तर बाळाच्या भुवया वर चढतात, डोळे विस्फारतात, हाताची बोटे पसरतात, नाकपुड्या फुलतात, घोटामागून घोट घेताना श्वासाला फुरसत मिळत नाही, आणि शेवटी ते ठसकते किंवा मान वळवते. अशी बाटली पाच मिनिटांत संपते, घरातले लोक ‘किती भूक लागली होती’ असे म्हणतात, आणि पुढच्या अर्ध्या तासात बाळ त्यातले बरेचसे दूध टाकते किंवा पोट फुगून रडते. धार कमी असेल तर निपल आत दबून चपटे होते, बाळ चिडून ओढते-सोडते, किंवा कंटाळून झोपी जाते, आणि एक बाटली पाजायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. साधारण पंधरा ते वीस मिनिटांत शांतपणे संपणारी बाटली ही योग्य धारेची खूण मानावी.

निपल दबून चपटे होण्यामागे प्रत्येक वेळी भोकच दोषी असते असे नाही. बाटलीत दुधाच्या जागी हवा शिरली नाही तर आत पोकळी तयार होते आणि निपल आत खेचले जाते. निपल बसवण्याची रिंग फार घट्ट आवळलेली असेल तर ती किंचित सैल करून पाहावी, आणि निपलच्या बुडाशी हवेसाठी बारीक छिद्र किंवा झडप असेल तर ती दुधाच्या साक्याने चिकटलेली नाही ना हे बोटाने हलकेच दाबून पाहावे. एका कंपनीची रिंग आणि दुसऱ्या कंपनीचे निपल अशी जोडी जमवली असेल तर गळती किंवा पोकळी यांपैकी काहीतरी होण्याची शक्यता असते.

एका जुन्या उपायाबद्दल स्पष्टपणे लिहिले पाहिजे. बाळाला दूध पुरत नाही असे वाटले की घरातले कोणीतरी सुई तापवून निपलचे भोक मोठे करते. हे करू नये. असे भोक वेडेवाकडे होते, त्यातून धार कधी जास्त तर कधी कमी येते, आणि चिरलेल्या कडेचा बारीक तुकडा सुटून बाळाच्या घशात जाण्याची भीती असते. घरात असे निपल असेल तर पुढच्या कोणत्याही तपासणीआधी ते फेकून द्यावे.

तसेच बाळ तीन महिन्यांचे झाले म्हणून निपल पुढच्या नंबरचे आणलेच पाहिजे असे नाही. आईच्या दुधाची धार बाळाच्या वाढदिवसांप्रमाणे नंबर बदलत नाही. जे बाळ दिवसातून बहुतेक वेळा अंगावर पिते आणि फक्त आईच्या कामाच्या वेळेत बाटली घेते, त्याला सर्वांत मंद धारेचे निपल शेवटपर्यंत चालू शकते.

काल चालले, आज चालत नाही: पाण्याचा दोष

सोलापुरात एक कारण विशेष वारंवार दिसते आणि ते निपलच्या खोक्यावर कोठेही लिहिलेले नसते. शहराला उजनीचे पाणी येते, पण ते रोज येत नाही, त्यामुळे टाकीत साठवलेले पाणी आणि बोअरचे पाणी दोन्ही वापरले जातात. बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्या पाण्यात बाटल्या आणि निपल रोज उकळले की भांड्याच्या तळाशी बसतो तसाच पांढरट थर निपलच्या आतही बसतो, आणि मंद धारेच्या निपलचे भोक मुळातच इतके बारीक असते की थोडा थरही त्याला पुरतो. मग दोन आठवडे उत्तम चाललेले निपल एके दिवशी अचानक नाकारले जाते, आणि घरचे लोक म्हणतात की बाळाची आवड बदलली.

अशा वेळी नवे निपल आणण्याआधी जुने निपल उजेडाकडे धरून पाहावे. थर दिसला तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात अर्धा तास बुडवावे, मऊ ब्रशने आतून घासावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि मग नेहमीप्रमाणे उकळावे. उकळण्यासाठी फिल्टरचे किंवा नळाचे पाणी वापरले तर हा त्रास कमी होतो. निपल उकळताना पाण्याला उकळी फुटल्यावर पाच मिनिटे पुरतात. वीस-वीस मिनिटे खळखळ उकळल्याने निपल जास्त स्वच्छ होत नाही, ते फक्त लवकर सैल होते, आणि सैल झालेल्या निपलची धार वाढते. दोन-तीन महिन्यांनी निपल बदलावे, आणि त्याआधीच ते चिकट लागू लागले, फुगले किंवा त्याला चीर पडली तर लगेच बदलावे. टोक हलके ओढून पाहिल्यास चीर सहज दिसते.

विडी वळणाऱ्या मायबहिणींच्या घरांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. तंबाखूची बारीक धूळ बोटांना आणि पदराला चिकटून राहते, आणि तिचा वास व चव निपललाही लागते. बाटली भरण्यापूर्वी, दूध काढण्यापूर्वी आणि बाळाला घेण्यापूर्वी साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत, आणि निपल पाने-तंबाखूच्या सुपापासून दूर, झाकणाच्या डब्यात ठेवावे.

नकार निपलला आहे की दुधाला?

आईजवळ पिणारे बाळ बाटलीतले दूध नाकारते तेव्हा संशय निपलवर जातो, परंतु कधीकधी बिघाड दुधात असतो. आईच्या दुधात चरबी पचवणारे लायपेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. काही स्त्रियांचे दूध काढून फ्रिजमध्ये ठेवले की काही तासांत त्याला साबणासारखा किंवा धातूसारखा वास येऊ लागतो. दूध खराब झालेले नसते, पण बाळाला ते आवडत नाही. यासाठी परीक्षा सोपी आहे: एकदा नुकतेच काढलेले कोमट दूध त्याच निपलमधून, त्याच व्यक्तीने द्यावे. ते बाळाने घेतले आणि फ्रिजमधले नाकारले, तर निपल निर्दोष आहे.

उपाय म्हणून दूध काढल्याबरोबर ते पातेल्यात कडेने बारीक बुडबुडे दिसेपर्यंतच तापवावे, उकळू देऊ नये, आणि लगेच गार करून फ्रिजमध्ये ठेवावे. यामुळे विकराचे काम थांबते. दुधातले काही उपयुक्त घटक तापवण्याने कमी होतात, म्हणून वासाची तक्रार खरोखर असेल तरच हे करावे. एकदा वास आल्यानंतर तापवून तो जात नाही.

उन्हाळ्यात साठवणुकीकडे विशेष लक्ष हवे. काढलेले दूध खोलीत चार तास चालते असे जे सांगितले जाते ते २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीसाठी आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४० च्या वर असतो. त्यामुळे दूध काढल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावे, तेथे ते चार दिवस चांगले राहते, आणि फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावे. अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून किंवा सात रस्त्याच्या कार्यालयातून दूध घरी आणायचे असेल तर बर्फाच्या पॅकसह जाड पिशवीत आणावे. देताना बाटली कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून दूध कोमट करावे, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये, आणि वर तरंगणारी साय हलक्या हाताने फिरवून मिसळून घ्यावी. बाळाने तोंड लावलेल्या बाटलीतले उरलेले दूध दोन तासांनंतर पुन्हा देऊ नये. आजीला ते टाकून देणे जिवावर येते, म्हणून सुरुवातीला बाटलीत ३०-४० मिलिलिटरच भरावे.

उन्हाळा आहे म्हणून सहा महिन्यांखालील बाळाला बाटलीतून पाणी देऊन ‘सवय लावणे’ हाही चुकीचा मार्ग आहे. आईच्या दुधातच त्याला लागणारे पाणी असते. निपलला मध चाटवून बाळाला फसवण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये, कारण एक वर्षाखालील बाळाला मधातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गूळ-साखरेचे बोटही नको. निपलला लावायचेच असेल तर आईच्याच दुधाचे दोन थेंब लावावेत.

पाजण्याची पद्धत

योग्य निपल असूनही बाळाला आडवे झोपवून, बाटली उभी उलटी धरून पाजले तर मंद धारही जास्त होते. बाळाला मांडीवर जवळजवळ बसते धरावे, मानेला आधार द्यावा, आणि बाटली जमिनीला समांतर ठेवावी, म्हणजे निपलमध्ये जेमतेम दूध राहते. निपल तोंडात खुपसू नये. त्याचे टोक वरच्या ओठाला आणि नाकाखाली टेकवून थांबावे, बाळ तोंड मोठे उघडेल तेव्हा त्यालाच ते आत घेऊ द्यावे. आठ-दहा घोटांनंतर बाटली किंचित खाली करून धार थांबवावी, बाळाने पुन्हा चोखायला सुरुवात केली की पुन्हा समांतर करावी. मध्येच बाळाची बाजू बदलावी, जशी आई बदलते. बाळाने मान फिरवली तर उरलेले दूध संपवण्याचा आग्रह करू नये.

वेळ आणि व्यक्ती यांचाही विचार करावा. भुकेने कळवळणारे बाळ नवीन काही शिकत नाही, म्हणून पहिले प्रयत्न बाळ अर्धवट भुकेले आणि शांत असताना करावेत. पाजणारी व्यक्ती आई नसलेली बरी, आणि शक्य असल्यास आई त्या वेळी त्या खोलीतही नसावी, कारण आईचा वास येत असताना बाटली का घ्यावी असा प्रश्न बाळाला पडणे योग्यच आहे. काही बाळे झोपेतून नुकती उठताना, डोळे पूर्ण उघडण्याआधी निपल घेतात. काहींना झुलत, चालत पाजावे लागते. बाळ रडू लागले तर तो प्रयत्न तेथेच सोडावा, कारण रडवून पाजलेली एक बाटली पुढच्या अनेक दिवसांचा नकार पक्का करते.

सुरुवात कधी करावी, हा प्रश्न नेहमी येतो. अंगावर पिणे नीट बसण्याआधी, म्हणजे पहिले चार ते सहा आठवडे, गरज नसताना बाटली देऊ नये. परंतु कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी पहिली बाटली देणे हाही बाळावर अन्याय आहे, कारण तीन-चार महिन्यांनंतर चोखणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया राहत नाही आणि बाळ जाणूनबुजून नकार देऊ शकते. २०१७ पासून कायद्यानुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ती पूर्ण मिळणाऱ्या आईला बाटलीची घाई करण्याची गरजच नसते. घाई होते ती कमी रजा मिळणाऱ्यांची, आणि त्यांनी कामावर जाण्याआधी दोन-तीन आठवडे, दिवसाआड एक लहान बाटली अशी सुरुवात करावी.

बाटली घेते, पण आईजवळ पीत नाही

ही उलटी तक्रार आली की निपलची धार ताबडतोब कमी करावी आणि वर सांगितलेल्या पद्धतीने हळूहळू पाजावे. आईने बाळाला घेण्याआधी हाताने थोडे दूध काढून पान्हा फुटू द्यावा, म्हणजे बाळाला पहिल्याच घोटाला दूध मिळते. पिताना बाळाची गती मंदावली की स्तन हलकेच दाबून धार वाढवावी. भरल्या पोटी किंवा अर्धवट झोपेत बाळ आईजवळ लवकर येते. उघड्या अंगावर बाळाला घेऊन निवांत पडून राहण्याने जो फरक पडतो तो कोणत्याही निपलने पडत नाही.

निपल जमलेच नाही तर

सगळे तपासूनही बाळ बाटली घेत नसेल, तर घड्याळ आणि वय पाहावे. एक ते सहा महिन्यांचे अंगावर पिणारे बाळ दिवसभरात सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पिते, म्हणजे तासाला साधारण ३० मिलिलिटर. आई दुपारी घरी येऊन एकदा पाजू शकत असेल तर मधल्या चार तासांसाठी वाटीतले शंभर-सव्वाशे मिलिलिटर पुरते. काही बाळे दिवसा अगदी कमी पितात आणि आई घरी आल्यावर रात्रभर भरपाई करून घेतात. आईची झोप जाते, पण बाळाच्या वाढीला त्याने धोका नसतो. चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे असे समजावे.

वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले (चोच असलेले छोटे भांडे) हे येथे उत्तम पर्याय आहेत. बाळाला बसते धरून वाटीची कड खालच्या ओठावर टेकवावी आणि दूध फक्त ओठापर्यंत आणावे, ते बाळ जिभेने चाटून किंवा ओढून घेईल. तोंडात ओतू नये. बोंडल्याची चोच घशाकडे वळवून दूध सोडण्याची जुनी पद्धत ठसका लावते, म्हणून चोच ओठाच्या कोपऱ्याशीच ठेवावी. नक्षीदार बोंडल्याच्या चोचीत दूध साचून राहते, त्यामुळे साधे, आतून घासता येणारे स्टीलचे बोंडले निवडावे आणि तेही उकळावे. बाळ पाच महिन्यांच्या पुढे गेलेले असेल तर निपलशी झगडण्यात वेळ घालवू नये, कारण महिनाभरात ते छोट्या पेल्यातून घोट घेऊ लागेल आणि वर्ष-दीड वर्षात बाटली सोडवण्याचा खटाटोपही वाचेल.

बाटली विकत घेणारच असाल तर ती प्लास्टिकची असो वा काचेची, तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आहे का ते पाहावे. आईच्या दुधाला पर्याय असलेले पदार्थ आणि दुधाच्या बाटल्या यांविषयीच्या १९९२ च्या कायद्यानुसार ते आवश्यक आहे, आणि याच कायद्याने दूध पाजण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे. त्यामुळे कोणी विक्रेता फोनवर ‘डॉक्टरांनी सुचवलेले निपल’ म्हणून माहिती पाठवत असेल तर ती माहिती नसून जाहिरात आहे.

पुढील परिस्थितीत घरगुती तपासणी थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे जावे: प्रत्येक पाजण्याच्या वेळी बाळ ठसकते किंवा ओठ निळसर होतात, दूध नाकातून येते, आईजवळही पकड टिकत नाही आणि जीभ हिरडीच्या पुढे येत नाही, वजन थांबले आहे, किंवा बाळ मुदतीआधी जन्मलेले आहे. जिभेखालची पट्टी आखूड असणे किंवा टाळूत फट असणे अशी कारणे निपल बदलून सुटत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना वापरलेली बाटली आणि निपल बरोबर न्यावे, आणि शक्य असेल तर बाळाला तेथेच पाजून दाखवावे, कारण बाळ पिताना पाहिल्यावर डॉक्टरांना जे दोन मिनिटांत कळते ते सांगण्यातून अर्ध्या तासातही कळत नाही.